समोरच्या खोलीतली बस

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात. माझं भरतं. मी कवळ्या बनवते. दाताचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेऊन माझ्याकडे पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, घासते, चकाकी देते, आणि शेवटी कुणाच्या तरी तोंडात शोभेल अशी कवळी तयार होते. दाताचा रंग दिव्याखाली नीट कळत नाही. पिवळसर पांढरा कुठला आणि राखाडी पांढरा कुठला हे फक्त दिवसाच्या उजेडात दिसतं, म्हणून माझं टेबल खिडकीला चिकटून आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे माझ्या नवऱ्याने मला 'लोकांच्या घरात डोकावणारी' ठरवलं. मी डोकावत नव्हते. मान वर केली की समोर जे होतं ते दिसत होतं, इतकंच.

समोर होतं बसच्या ड्रायव्हरकाकांचं घर. आमच्या आणि त्यांच्या इमारतीत जेमतेम एक बोळ. दोन्हीकडे दुसरा मजला, त्यामुळे खिडकीला खिडकी अगदी समोरासमोर. काका नाकासमोर चालणारे, बोलायचं झालं तर मोजकं. काकू मात्र दोघांच्या वाटणीचं बोलायच्या. कपडे वाळत घालताना आमच्या गप्पा व्हायच्या, त्या त्यांच्या दोरीशी आणि मी माझ्या. एकदा काकू लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेल्या. निघताना दोरीवरचा शेवटचा टॉवेल काढत मला म्हणाल्या, "जरा लक्ष ठेव गं यांच्याकडे. उपाशी राहतील, पण कुणाला सांगायचे नाहीत."

आता लक्ष ठेव म्हटल्यावर बघायला नको का?

पहिले काही दिवस बघण्यासारखं काही नव्हतं. काका सकाळी गणवेश घालून जायचे, संध्याकाळी यायचे, स्वतःच्या हाताने काहीतरी शिजवायचे आणि खिडकीशी बसून काकूंशी फोनवर बोलायचे. म्हणजे ऐकायचे. मग एके दिवशी ते भर दुपारीच परतले, टोपी टेबलावर ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मी एका कवळीचे सगळे पुढचे दात बसवून झाले तरी ते तसेच बसलेले.

त्यानंतर चार दिवसांनी एकदा गेले आणि लगेच परत आले, मग ते कामावर गेलेच नाहीत. सुट्टी घेतलेला माणूस असा नसतो. सुट्टीतला माणूस लोळतो, पेपर वाचतो, दाढी वाढवतो. काका रोज सकाळी उठून दाढी करायचे, शर्टाला इस्त्री करायचे, बटणं लावून टोपी घालायचे आणि दारापर्यंत जायचे. कडीवर हात ठेवायचे. थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग हात काढून मागे फिरायचे, टोपी खुंटीला, शर्ट हँगरवर. संध्याकाळी मात्र फोन आला की उठून उभे राहून बोलायचे, हसल्यासारखं करायचे, आणि फोन ठेवला की चेहरा असा उतरायचा, जणू कुणी आतून दिवा मालवला.

मी नवऱ्याला सांगितलं. तो बेकरीत पहाटेच्या पाळीला भट्टीवर असतो, दुपारी झोपतो. उशीत तोंड खुपसून तो म्हणाला, "तू आपल्या कवळ्यांकडे बघ. परक्याच्या घरात काय चाललंय ते बघणं शोभतं का?"

"काकूंनी सांगितलंय."

"जेवतात का, हे बघायला सांगितलंय. जेवतात ना? झालं तर."

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, बाजूच्या खोलीत सगळं ऐकत होते. त्यांचे कान अजून तिखट आहेत. ते एका मोठ्या दुकानात जन्मभर लिफ्ट चालवायचे. "तिसरा मजला, चपला-बूट, चौथा मजला, भांडी आणि पडदे," हे ते अजूनही झोपेत बोलतात. रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं होतं, "आयुष्यभर वर-खाली केलं. आता राहिलेलं आयुष्य आडवा प्रवास करणार." तेव्हापासून रोज दुपारी बसमध्ये खिडकीची जागा पकडून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचा त्यांचा नेम. तिकडे काही काम नसतं. बागेत पाय मोकळे करून परत येतात.

दुसऱ्या दिवशी ते चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, "मला इथे उजेड बरा पडतो." हातात वाचायला काहीच नव्हतं.

त्याच दिवशी काकांनी नवीन काहीतरी सुरू केलं. खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवली, तोंड कपाटाकडे. स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं. खुर्चीवर ताठ बसले, झाकण दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं आणि ते हळूहळू फिरवू लागले. मध्येच उजवा पाय उचलून जमिनीवर दाबायचे. मध्येच डावा हात खाली जायचा.

"अप्पा, यांचं काहीतरी बिनसलंय हो. काकूंना फोन करू का?"

अप्पांचा कप हातात तसाच, आणि डोळे बारीक. मग त्यांचा स्वतःचा अंगठा कपावर डावीकडे वळला. "बाजार," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आता थांबला. शाळा. उतरा, उतरा, लवकर उतरा पोरांनो. चला. आता पूल, बघ, चढावर गिअर बदलला. आता लांबलचक उजवं वळण."

"अप्पा, ते झाकण फिरवतायत."

"झाकण नाही सूनबाई. बारा नंबर आहे ती. मी रोज जातो तिने. एकही स्टॉप चुकवला नाही पठ्ठ्याने."

आणि तेवढ्यात काकांचा पाय एकदम जमिनीवर आपटला. झाकण मांडीवर पडलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खुर्चीवरच वाकले.

अप्पांनी कप खाली ठेवला. "वाचनालयाचा कोपरा," ते हळूच म्हणाले.

पुढचे दोन-तीन दिवस आम्ही दोघं ते बघत होतो. काका निघायचे, बाजार, शाळा, पूल, वळण, सगळं नीट, आणि वाचनालयाच्या कोपऱ्यावर बस मोडून पडायची. मग ते उठून पाणी प्यायचे आणि पुन्हा पहिल्या स्टॉपवरून सुरुवात. माझ्या हातून त्या दिवसांत एक सुळा उलटा बसला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी मी मान वर केली तर अप्पा बाजूला नव्हते. खाली बोळात त्यांची टोपी दिसली. मी हाक मारणार होते, पण ती मारली असती तर समोर काकांनाही ऐकू गेली असती. मी गप्प बसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता समोर जे झालं ते मी बघितलं, पण ऐकलं नाही. काकांनी मान वळवली, म्हणजे दार वाजलं असणार. त्यांनी झाकण पलंगाखाली सरकवलं. दार उघडलं. अप्पा आत. अप्पांनी टोपी काढली आणि काहीतरी म्हणाले. काकांनी नकारार्थी मान हलवली. अप्पा पुन्हा काहीतरी म्हणाले आणि सरळ पलंगाकडे बोट केलं. काका खिडकीकडे वळले, मी झटकन टेबलाखाली वाकले, डोकं कडेवर आपटलं. वर आले तेव्हा अप्पा जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत होते. ती त्यांनी काकांच्या खुर्चीच्या मागे, किंचित डावीकडे लावली. त्यावर ते बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि नसलेल्या खिडकीतून बाहेर बघू लागले.

काका बराच वेळ उभे होते. मग ते पुढच्या खुर्चीवर बसले. अप्पांनी वाकून पलंगाखालचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं.

जेवायच्या वेळी अप्पा घरी आले ते खुशीत. नवरा ताटावर बसला होता. "कुठे गेला होतात?"

"बसने फिरून आलो," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाचनालयाच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला अचानक आडवा आला होता. काकांनी ब्रेक मारला म्हणून तो वाचला. पण बसमध्ये उभ्या असलेल्या एक बाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. चौकशी झाली, काकांची चूक नाही असं ठरलं, साहेबांनी पाठीवर हात ठेवून चार दिवस विश्रांती घ्या म्हटलं. चार दिवसांनी काका डेपोत गेले, बसमध्ये चढले, इंजिन सुरू केलं. आरशात मागे बसलेली माणसं दिसली आणि हात थरथरायला लागले. ते खाली उतरले ते उतरलेच. डेपोत सांगितलं, ताप आहे.

"माणसं मागे असली की हात चालत नाहीत म्हणाला," अप्पा म्हणाले. "रिकाम्या खोलीतसुद्धा त्या कोपऱ्यावर ती बाई पडताना दिसते त्याला. मी म्हटलं, रिकाम्या खोलीत दिसणारच. खोलीत कुणी बसलं की जागा भरते. मग पडायला दुसऱ्या कुणाला जागा कुठे राहते?"

नवऱ्याने घास तसाच धरला. "आणि तुम्हाला हे सगळं कसं कळलं, असं विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं. मी सांगितलं, आमची सून दिवसभर बघत असते."

मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अप्पा, तुम्ही माझं नाव घेतलंत?"

"मग काय माझं घेऊ? मी रिटायर माणूस. मला बघण्याशिवाय काय काम, असं म्हणतील लोक."

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून काकांकडे गेले. बरोबर माझा हातातला आरसा घेतला, ज्यात मी कवळीची मागची बाजू बघते. जिन्यात चार वेळा वाक्य जुळवलं, "काका, माफ करा, मी मुद्दाम बघत नव्हते." दार उघडलं आणि मी नुसतीच उभी राहिले. दात बनवणारीचीच दातखीळ बसली.

काकाच म्हणाले, "या ताई. तुमचं टेबल मला इथून दिसतं. सकाळी तुम्ही काम करत बसलेल्या असता."

"पडदा तरी लावायचात, काका."

"लावला होता पहिल्या दिवशी," ते म्हणाले. "फार एकटं वाटलं. मग काढला." आणि पुढे म्हणाले, "परवा एखादा दात उलटा बसला होता का? तुम्ही डोक्याला हात लावलात म्हणून विचारतो."

मी हसले. तेही जरासे हसले. आरसा आम्ही दोरीने कपाटाच्या कडीला बांधला, मागच्या खुर्च्या दिसतील असा. काका त्यात बघून एकदम गंभीर झाले. तेवढ्यात अप्पाही आले, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. बाजार गेला, शाळा गेली, पूल आला. काकांचे खांदे वर वर चढत गेले. वाचनालय जवळ आलं असणार, कारण अप्पा मोठ्याने म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, पुढे बाग लागली की सांगा हं. मी नवीन आहे इथे." बसमध्ये असा एक तरी उतारू असतोच, जो दर मिनिटाला हेच विचारतो. काकांनी सवयीने आरशात बघितलं, सवयीने म्हणाले, "सांगतो, बसा." आणि त्या नादात कोपरा मागे पडला.

बाग आली तेव्हा काकांच्या लक्षात आलं. त्यांनी झाकण मांडीवर ठेवलं आणि हाताचे तळवे बघितले. मग अप्पांकडे वळून म्हणाले, "आजोबा, बाग आली."

त्यानंतर रोज सकाळी थोडा वेळ बस सुटायला लागली. मी दोन तास लवकर काम सुरू करून तेवढा वेळ काढायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकांच्या खालच्या मजल्यावरचे शिंपी तणतणत वर आले. खुर्च्या ओढण्याचा आवाज, पाय आपटण्याचा आवाज, माणसाने शिवण घालायची कशी, असं सगळं ते एका दमात बोलले. मग त्यांनी आम्हाला बघितलं. एकामागे एक लावलेल्या खुर्च्या, पुढे गणवेशातले काका, हातात झाकण. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"बारा नंबर," अप्पा म्हणाले. "चढायचं असेल तर चढा, दारात उभे राहू नका."

काकांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. मला वाटलं होतं, एखाद्या तिऱ्हाईत माणसाला ते सांगायचे नाहीत. पण सांगितलं, दोन वाक्यांत, झाकणाकडे बघत. शिंपीकाका ऐकून घेऊन म्हणाले, "माझ्या हातून एकदा भर दुकानात गिऱ्हाईकाचं बोट मशीनखाली आलं होतं. वर्षभर मी मशीनला हात लावला नाही, नुसती काजं-बटणं केली." आणि आपली खुर्ची स्वतः लावून बसले. दुसऱ्या दिवसापासून ते काखेत काम घेऊनच यायचे. लोक बसमध्ये विणतात, हे शिवायचे. फक्त खिडकीच्या जागेवरून त्यांचं आणि अप्पांचं रोज वाजायचं. मी सांगून थकले की खिडकी नाहीच आहे. दोघांनाही पटलं नाही.

पण एक गोष्ट राहिली होती. ती काकाच बोलले. "सगळे बसलेले आहात तुम्ही. त्या उभ्या होत्या."

उभं कोण राहणार? अप्पांचे गुडघे तसे नाहीत, शिंपीकाकांच्या हातात सुई. त्या दुपारी एक जादा फेरी ठरली आणि मी घरी येऊन नवऱ्याला उठवलं. तो भट्टीजवळ राहून राहून चांगला गोल झालेला माणूस आहे, आणि झोपेतून उठवलेला गोल माणूस फार तक्रारखोर असतो. "मी बघणाऱ्यांत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, बघायचं नाही, फक्त पडायचंय. आणि त्याला चपला घालायला लावल्या.

तो आमच्या मागे, कपाटाची कड धरून उभा राहिला. बस निघाली. कोपरा आला. काकांनी दीर्घ श्वास घेतला आणि पाय जमिनीवर दाबला. "ब्रेक," ते म्हणाले.

आम्ही सगळे मागे झुकलो.

काका वळून बघत राहिले. "ब्रेक मारला की माणूस पुढे जातो," ते म्हणाले. "मागे जातो तो बस सुटली की."

"तुम्ही नीट सांगायला पाहिजे," शिंपीकाका म्हणाले.

"रोज बसने जाता ना, आजोबा?"

"मी बसलेला असतो," अप्पा म्हणाले. "मला हे ठाऊक नाही."

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी ब्रेक लागला आणि आम्ही तिघं नीट पुढे झुकलो. नवऱ्यानेही तेच करायचं ठरवलं असावं, पण अर्धवट झोपेतल्या माणसाला ठरवलेलं तेवढंच करता येत नाही. त्याचा हात कपाटावरून सुटला आणि तो खरोखरीच शिंपीकाकांच्या पाठीवर, तिथून अप्पांच्या मांडीवर आणि तिथून जमिनीवर आला. केवढा मोठा आवाज झाला. काकांचा चेहरा पांढराफटक.

"लागलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"नाही," नवरा जमिनीवरून म्हणाला.

"खरं सांगा."

"काका, एवढं पीठ खाल्लेलं अंग आहे. याला काय लागतं." तो उठून बसला, मनगटं फिरवून दाखवली. "पण कुणाच्या तरी सुईवर बसलोय बहुतेक."

आणि काका हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ते झाकण पोटाशी धरून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आम्हीही सुटलो. त्या गोंधळात कुणालाच कुलपात किल्ली फिरल्याचं ऐकू आलं नाही.

काकांना ते आधी आरशात दिसलं. त्यांचं हसू एकदम थांबलं आणि त्यांनी झाकण हळूच खाली ठेवलं. आम्ही मागे वळून बघितलं. दारात काकू उभ्या. एका हातात बॅग, एका हातात किल्ली.

काकूंना मी गप्प झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी खुर्च्या बघितल्या. आरसा बघितला. जमिनीवर बसलेला माझा नवरा बघितला, पँटीतून सुई काढत असलेला. मग गणवेशातल्या आपल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "रोज फोनवर विचारत होते, ड्यूटी कशी झाली."

"हो," काका म्हणाले.

"रोज सांगत होतात, गर्दी होती."

काका मान खाली घालून म्हणाले, "या आठवड्यात खरंच होती."

मला हसू आवरेना आणि हसायची ती वेळ नव्हती. अप्पांनी टोपी घातली. "आम्हाला इथेच उतरायचं होतं," ते म्हणाले, आणि आम्ही एकामागे एक दाराने बाहेर पडलो.

घरी येऊन मी टेबलाशी बसले. समोर काकू बॅग न उघडता पलंगावर बसल्या होत्या, काका त्यांच्यासमोर त्याच खुर्चीवर, आता तोंड त्यांच्याकडे करून. काका बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी उठले आणि आमच्या खिडकीचा पडदा ओढला.

"अगं, थोडा तरी उघडा ठेव," अप्पा म्हणाले.

"नाही."

"काकूंनी लक्ष ठेवायला सांगितलंय."

"काकू आल्यात आता. त्या ठेवतील."

त्या दिवशी मी दिव्याखाली काम केलं. रंग चुकणार हे ठाऊक होतं, म्हणून फक्त साचे ओतले.

दुसऱ्या सकाळी काकू स्वतः आल्या. मी पाया पडायच्या तयारीत होते, पण त्यांनी आधी नातीचे फोटो दाखवले, सगळे, एकाच बाळाचे, एकाच कुशीवरचे. मग म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंस, यावर मी तुझ्याशी भांडणार आहे. पण आज नाही, आज आम्हाला बाहेर जायचंय."

"कुठे?"

"त्या बाईंकडे. मी यांना काल एवढंच विचारलं, त्या बाईंना भेटलात का. तर नाही म्हणाले. इतके दिवस मनात तिला पाडतायत, पण ती उठली की नाही हे जाऊन बघितलं नाही."

मी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी माझ्याकडे. खुर्च्या लावल्या, आरसा बांधला, शिंपी आणला, नवरा पाडला, आणि ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

दोघं दुपारी परतली तेव्हा काकांचे केस बारीक कापलेले होते, मानेवर स्वच्छ रेघ, दहा वर्षांनी लहान दिसत होते. हकिगत काकूंनी सांगितली. त्या बाईंचं केस कापायचं दुकान होतं. हात मोडल्यावर ते बरेच दिवस बंद राहिलं, तेव्हा त्यांना कठीण गेलं, हे त्यांनी लपवलं नाही. काका माफी मागायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक मारला नसता तर त्या पोराचं काय झालं असतं ते मी समोरच्या काचेतून बघितलंय. माझा राग त्याचा नाही. तुम्ही नंतर दिसलाच नाहीत, त्याचा आहे. नवीन आलेला माणूस रोज स्टॉपच्या पुढे नेऊन बस थांबवतो आणि मला पळत जावं लागतं." मग त्यांनी काकांकडे नीट बघितलं आणि विचारलं, "हे केस कुणी कापले?" काकांनी सांगितलं, मीच, आरशात बघून. "बसा," त्या म्हणाल्या. काकांना काही बोलू न देता खुर्चीवर बसवलं आणि त्याच हाताने, ज्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, त्यांचे केस कापले. मध्ये दोनदा हात दुखला म्हणून थांबल्या, पण पुरे केले.

"बाई कात्री चालवत होत्या आणि हे आरशात बघत होते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, आता रडतायत की काय. तर म्हणाले, डावीकडे जरा कमी झालेत."

पुढच्या आठवड्यात काका डेपोत गेले. आधी रिकामी बस, शेजारी शिकवणारे साहेब. मग थोडे उतारू. मग पुन्हा बारा नंबर. त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं की पहिल्या दिवशी कुणी यायचं नाही, आणि आम्ही खरंच गेलो नाही. अप्पा स्टॉपवर उभे राहून फक्त बस जाताना बघून आले, म्हणाले, ते चढण्यात धरत नाहीत. त्यानंतर त्यांचा रोजचा नेम पुन्हा सुरू झाला.

मी त्या बसमध्ये बसले ते बऱ्याच दिवसांनी, डॉक्टरांकडे दोन कवळ्या द्यायच्या होत्या म्हणून. डबा मांडीवर, झाकण घट्ट नव्हतं हे मला नंतर कळलं. काकांनी मला बघितलं नाही. मागून त्यांची मान आणि कोपर दिसत होती, सैल, निवांत. बाजार, शाळा, पूल. वाचनालयही गेलं. आणि बागेच्या अलीकडे एक माणूस स्वतःपेक्षा मोठं खोकं छातीशी धरून, समोरचं काहीच न दिसता, सरळ रस्त्यावर उतरला.

ब्रेक लागला. बस पुढे झुकली, सगळी उभी माणसं पुढे झुकली, माझा डबा मांडीवरून उडाला आणि दोन्ही कवळ्या बसच्या मधल्या वाटेवरून घरंगळत थेट पुढे गेल्या.

काकांनी आरशात बघितलं. मी त्यांचे हात बघत होते. ते चाकावरच होते.

"कुणाला लागलं का?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीचा, जरा मोठा, सगळ्यांना जाईल असा.

"नाही, नाही," चार-पाच आवाज आले. मग पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी स्वतःच्या तोंडाला हात लावून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "लागलं कुणालाच नाही. पण कुणाचे तरी दात पडलेत."

अख्खी बस हसली. मी लाजेने लाल होत वाकून वाकून पुढे गेले. एक कवळी एका शाळकरी मुलीच्या बुटाशी होती, दुसरी काकांच्या सीटमागे. ती उचलताना काकांनी मला बघितलं.

"सगळे सापडले का, ताई?"

"सापडले, काका."

"मग धरून बसा," ते म्हणाले, आणि बस सुटली. आम्ही सगळे किंचित मागे गेलो.

डॉक्टरांकडे पोचायला उशीर झाला. कवळ्या धुतल्या, घासल्या, पुन्हा तपासल्या. एकाही दाताचा टवका उडाला नव्हता. डॉक्टर कुरकुरत होते आणि मला हसू येत होतं, त्यामुळे ते जास्तच कुरकुरले.

घरी येऊन सगळं सांगितलं तर अप्पा फार नाराज. "मी रोज जातो," ते म्हणाले. "ऊन बघत नाही, वारा बघत नाही. आणि ज्या दिवशी काही घडतं त्या दिवशी तू." मग विचारलं, "हात बघितलेस का त्याचे?"

"बघितले."

"हं," अप्पा म्हणाले. जेवण झाल्यावर पाठ टेकायलाही थांबले नाहीत. टोपी घातली आणि दुपारची फेरी गाठायला जिना उतरून गेले.